जुन्या पेट्रोल जीपचं क्रँकचं मागचं ऑइल सील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी पेट्रोल इंजिनची जुनी सीजे-३बी जीप आहे. तिच्या पोटाखाली झोपून जे शिकलो, ते इथे लिहिलं आहे. जीपवाल्यांच्या भेटीत एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, म्हणजे क्लच झाकणाऱ्या बेलहाउसिंगमधून, ठिबकणारं तेल. संशय येतो तो क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जिथे मागून बाहेर येतो तिथलं तेल अडवणाऱ्या सीलवर. त्यावर विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या अनुभवातून आलेली उत्तरं अशी आहेत.

हे कोणत्या गाड्यांना लागू आहे?

विलीसची ‘हरिकेन’ एफ-हेड आणि तिच्या आधीची ‘गो-डेव्हिल’ एल-हेड, ही दोन चार-सिलिंडर पेट्रोल इंजिनं ज्या जीपमध्ये आहेत त्यांना. दोन्ही १३४ घनइंचाची, म्हणजे साधारण २,२०० सीसीची. खालची बाजू दोघांची जवळपास सारखीच असते. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ पासूनच्या सीजे-३बीचं बॉनेट इतकं उंच दिसतं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, पण महिंद्राने आपल्याकडे ते पुढेही चालू ठेवलं. म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाड्यांत आणि गोठ्यांत आजही ही गाडी सापडते.

बेलहाउसिंगखाली थेंब पडतोय. म्हणजे मागचं सीलच गेलं ना?

बऱ्याचदा नाही. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण सील चांगलं असताना चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवलेले लोक मी पाहिले आहेत.

गाडी चालताना पंख्याचा आणि रस्त्याचा वारा तेल मागे ढकलतो. वर रॉकर कव्हरचं पॅकिंग पाझरलं, बाजूचं टॅपेट कव्हर सुटलं किंवा ऑइल प्रेशरच्या नळीचा जोड ओलावला, तरी ते तेल ब्लॉकवरून ओघळत मागे येतं आणि बेलहाउसिंगच्या तळाशी थेंब धरतं. फिल्टरच्या नळ्याही अशाच फसवतात. शिवाय कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये एक पत्र्याचं गोल बूच ठोकलेलं असतं. ते फ्लायव्हीलच्या आड असल्यामुळे दिसत नाही. ते गंजलं किंवा ढिलं झालं की गळती थेट बेलहाउसिंगमध्ये होते आणि दोष मात्र सीलवर येतो.

आणि ते तेल इंजिनचंच आहे का, हेही पाहायला हवं. या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातूनही तेल बेलहाउसिंगमध्ये येतं. थेंब दोन बोटांत चोळून पाहा. इंजिन ऑइल काळं, पातळ आणि जळकट वासाचं असतं. गिअर ऑइल चिकट, मधासारखं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा तो वास नाकात बसला की पुन्हा चूक होत नाही.

नक्की कुठून गळतंय हे शोधायचं कसं?

घाई न करता. इंजिन बाहेरून वरपासून खालपर्यंत डिझेलने धुवा आणि कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका, एका ठिणगीने गाडीही जाईल आणि तुम्हीही. कोरड्या भागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारून या, गाडी सपाट जागी लावा, खाली स्वच्छ पुठ्ठा टाका आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत या. पावडरीवर ओला माग उमटलेला असतो. त्या मागाचं सगळ्यात वरचं टोक शोधा, गळती तिथून आहे.

सगळं वरून कोरडं असेल, चेंबरच्या कडाही कोरड्या असतील आणि ओल फक्त बेलहाउसिंगच्या आतून येत असेल, तरच संशय सीलवर किंवा त्या कॅमच्या बुचावर घ्या.

सील बदलण्याआधी अजून काय तपासू?

इंजिनाचा श्वास. क्रँककेसमध्ये साठणारे वायू बाहेर जाण्यासाठी या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डवर एक छोटा व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह असतो, आणि ताजी हवा ऑइल भरायच्या नळीकडून आत येते. तो व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात सोप्या वाटेने बाहेर पडतं. ती वाट बहुतेक वेळा मागच्या सीलची असते. जुन्या गाड्यांत कधी कधी ही नळी कुणीतरी काढून तिथे चक्क बोल्ट मारून ठेवलेला असतो.

तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन गरम करा, मंद चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा कपटा धरा. कपटा हलकासा ओढला गेला तर ठीक. तो उडत असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर व्हॉल्व्ह काढून धुवा. धुतल्यावरही झोत येतच राहिले तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. अशा इंजिनाला नवं सील घातलं तरी ते काही महिन्यांत पुन्हा ओलं होणार. तेव्हा कॉम्प्रेशन मोजा आणि खर्च कुठे करायचा ते मग ठरवा.

किती गळती चालवून घ्यायची?

रात्रभरात रुपयाएवढा एक डाग पडत असेल, क्लच नीट धरत असेल आणि डिपस्टिकवरची पातळी आठवडाभरात जाणवण्याइतकी उतरत नसेल, तर मी हात लावत नाही. जुन्या इंजिनांत इथे दोरीचं सील होतं. ते तेल पिऊनच काम करतं आणि थोडं पाझरणं त्याच्या स्वभावातच आहे.

घाटात क्लच सरकायला लागला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, तर थांबू नका. वरंधा किंवा ताम्हिणीच्या चढावर, माणसं भरलेली असताना क्लच सुटणं फार धोक्याचं आहे.

इंजिन उतरवावं लागतं का?

सील दोन अर्धगोलांचं असल्यामुळे लागत नाही. चेंबर खाली घेतला की क्रँकला धरणाऱ्या मागच्या मेन बेअरिंगची कॅप समोर येते. सीलचा खालचा अर्धा त्या कॅपच्या खाचेत असतो आणि वरचा अर्धा ब्लॉकच्या खाचेत. खालचा कॅपबरोबर येतो, कस लागतो तो वरचा काढताना.

क्लच तेलाने भिजला असेल किंवा कॅमच्या बुचावर संशय असेल, तर गिअरबॉक्स आणि त्यामागची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, मागे घ्यावेच लागतात. हे दोन्ही एकत्र भलतंच जड प्रकरण आहे. खाली दोन माणसं आणि एक धड जॅक हवा.

दोरीचं सील घालू की रबराचं?

रबराचं ओठवालं दोन तुकड्यांचं सील तुमच्या इंजिनाला बसणारं मिळत असेल तर तेच घाला. क्रँक गाडीतच ठेवून वरचा अर्धा सरकवणं रबराच्या सीलला जमतं. दोरी नीट बसवायची तर ती खाचेत गोल दांड्याने लाटून घट्ट दाबावी लागते आणि टोकं धारदार पात्याने किंचित उंच ठेवून कापावी लागतात. क्रँक जागेवर असताना वरच्या बाजूला हे करणं जवळपास अशक्य आहे. इंजिन पूर्ण खोलून बांधत असाल तर दोरीही चांगली चालते, फक्त ती आधी तेलात भिजवून घ्या.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जुन्या दोरीत आणि जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती कोरडी खरवडू नका, हवेने फुंकू नका. तेलाने ओली करून काढा, पिशवीत बांधा आणि तोंडावर मास्क लावा.

सील विकत घेताना काय बघायचं?

पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, या दोन ठिकाणी जुन्या जीपचं सामान अजून मिळतं. पण दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होतं. ओठ अंगठ्याने हळूच वाकवून पाहा. तो लगेच मूळ जागी आला पाहिजे आणि वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसता कामा नयेत. दोन्ही अर्धे एकाच संचातले असावेत. त्याच वेळी कॅपच्या बाजूंना बसणाऱ्या दोन रबरी पट्ट्या आणि चेंबरचं कॉर्क पॅकिंगही मागून घ्या. दुकानदार त्या पट्ट्या द्यायला हमखास विसरतो.

जुनं सील काढायचं कसं?

बॅटरीची तार काढा. चासीला मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली कधीही जाऊ नका. चासी उचलली की पुढचा ॲक्सल खाली लोंबतो आणि चेंबर काढायला जागा मिळते. कोमट तेल काढून टाका आणि चेंबर उतरवा.

मागच्या कॅपचे बोल्ट काढल्यावर कॅप लगेच हातात येत नाही, बाजूच्या पट्ट्यांनी धरून ठेवलेली असते. ती पुढे-मागे हळूहळू हलवत घ्या. पेचकस खुपसून उचकटू नका, कॅपच्या तोंडावर ओरखडा पडला की तिथून तेल झिरपायला नवी वाट मिळते. कॅप कोणत्या बाजूने होती याची खूण आधीच करून ठेवा. बेअरिंगची वाटीही नीट पाहा, ती तांबूस दिसत असेल तर काम सीलपुरतं राहिलेलं नाही.

आता पुढच्या आणि मधल्या कॅपचे बोल्ट दोन-तीन आटे ढिले करा. या इंजिनात मेन बेअरिंग तीनच आहेत. क्रँक केसभर खाली येतो आणि वरच्या अर्ध्या सीलवरचा दाब सुटतो. पितळेच्या बारीक दांडीने त्याचं एक टोक हलकेच ठोका, दुसरं टोक बाहेर डोकावलं की पकडीने धरून ओढा. त्याच वेळी कुणीतरी हँडलने क्रँक सावकाश फिरवला तर ते सोबत सरकत येतं. आत दोरी असेल तर तिच्या टोकात लाकडात मारायचा बारीक स्क्रू फिरवून ओढतात. लोखंडी टोक क्रँकला लागू देऊ नका.

नवं बसवताना कुठे चुकतं?

तीन ठिकाणी.

पहिली चूक ओठाच्या दिशेची. ओठ इंजिनाच्या आत, म्हणजे तेलाकडे तोंड करून हवा. उलटा बसला तर तो तेल अडवण्याऐवजी बाहेर काढून देतो. अंधारात, पाठीवर झोपून हे उलटं होणं सहज शक्य आहे, म्हणून मी सीलच्या मागच्या बाजूला खडूने खूण करूनच खाली जातो.

दुसरी, कोरडं सील सरकवणं. ओठाला आणि क्रँकला स्वच्छ तेल लावा. वरचा अर्धा खाचेत अंगठ्याने ढकला आणि क्रँक त्याच दिशेने फिरवत राहा. ब्लॉकची कड धारदार असते. पाठीचं रबर तिथे सोललं जातं आणि खाली एक बारीक काळी शेव पडते. ती शेव दिसली की थांबा. ते सील गेलं, दुसरं घ्या. धार टाळण्यासाठी मी पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा कापून कडेवर चपलेसारखा धरतो आणि सील त्यावरून सरकवतो.

तिसरी, सिलिकॉनचा मारा. कॅप आणि ब्लॉकच्या जोडावर, सीलच्या टोकांजवळच्या कोपऱ्यांत, अगदी पातळ थर पुरतो. बेअरिंगच्या वाटीजवळ किंवा कॅपच्या पूर्ण तोंडावर तो फासला तर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगची फट बदलते. दाबून आत गेलेले सिलिकॉनचे गोळे सुटून तेलाच्या जाळीत अडकतात ते वेगळंच.

मग तिन्ही कॅपचे बोल्ट टॉर्क पान्याने ६५ ते ७५ फूट-पौंड, म्हणजे साधारण ९ ते १०.४ किलोग्रॅम-मीटरला आवळा. दोन-तीन टप्प्यांत आवळा आणि प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहा. कुठे जड झाला तर तिथेच थांबून कारण शोधा. अंदाजाने गोटी पाना मारणाऱ्याला या कामाला हात लावू देऊ नका.

कॅपच्या बाजूच्या रबरी पट्ट्या चेंबरच्या तोंडाबाहेर येतात. कापून टाकू का?

अजिबात नाही. माझं पहिलं काम याच एका चुकीने वाया गेलं. कॅप बसवली, दोन्ही बाजूंच्या भोकांत पट्ट्या सरकवल्या, आणि त्या पाव इंच बाहेर राहिल्या म्हणून मला त्या लांब वाटल्या. ब्लेडने सपाट कापल्या, चेंबर लावला आणि समाधानाने गाडी बाहेर काढली. आठवडाभरात पुठ्ठ्यावर आधीपेक्षा मोठा डाग. सील ठणठणीत होतं, तेल कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून येत होतं.

त्या पट्ट्या सुमारे ६ मिलिमीटर बाहेर राहायलाच हव्यात. चेंबर आवळला की तो त्यांना वर दाबतो, रबर भोकात फुगतं आणि फट बंद होते. सील बदलूनही गळती थांबली नाही असं कुणी सांगितलं, की मी आधी या पट्ट्यांबद्दलच विचारतो.

क्रँकवर सीलच्या जागी चर पडली आहे. आता?

नख आडवं फिरवून पाहा. नख अडकत नसेल, नुसती चकचकीत रेघ असेल, तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोलाकार फिरवा आणि पुढे जा. नख अडकत असेल तर नवा ओठ फार दिवस टिकणार नाही. मग क्रँक काढून कारागिराकडे न्यावा लागतो. बेअरिंगचे जर्नल, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या जागा, ग्राइंड करायला देताना सीलची जागा विनाकारण घासू नका असं स्पष्ट सांगा, कारण ती बारीक झाली तर ठरलेल्या मापाचं सील तिथे ढिलं पडतं.

क्रँकची पुढे-मागे हालचालही मोजून घ्या. ती ०.००४ ते ०.००६ इंचांत असावी आणि पुढच्या टोकाच्या शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवतात. क्लच दाबल्यावर पुढची पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल, तर सीलचा ओठ दर क्लचला घासला जातोय.

चेंबर परत लावताना काही विशेष?

त्याची कड सपाट आहे का ते पाहा. वर्षानुवर्षं जास्त आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा आत गेलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने तो सरळ करा. कॉर्क बाहेर फुगेपर्यंत आवळू नका. तेल साधारण ३.८ लिटर लागतं, फिल्टर बदललात तर ४.७ च्या आसपास. पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा.

भिजलेली क्लच प्लेट धुवून वापरली तर?

दोन दिवस बरी वाटेल. तेल अस्तरात मुरलेलं असतं, प्लेट तापली की ते पुन्हा वर येतं. नवीनच घाला. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मात्र साफ करून वापरता येतात.

गळती थांबवणारं औषध तेलात टाकू का? किंवा जाड तेल?

ती औषधं रबर फुगवतात. दोरीवर त्यांचा उपयोग नाही आणि फाटलेला ओठ त्यांनी सांधत नाही. मी वापरत नाही. जाड तेलाने थेंब कमी होतो हे खरं, पण थंडीत सकाळी वरच्या रॉकरपर्यंत तेल उशिरा पोहोचतं. आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० ठीक चालतं.

माझी जीप डिझेल आहे. हेच करू?

शोधण्याची पद्धत आणि श्वासाची तपासणी सारखीच. सुटे भाग आणि मापं वेगळी. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं प्यूजोच्या घराण्यातलं २,११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन पूर्ण निराळं आहे, त्याला वर दिलेला टॉर्क लावू नका. कित्येक पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं आहे, तेव्हा आरसी बुकावर विसंबून सामान आणू नका. बॉनेट उघडून इंजिन ओळखा.

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक आहे, तिथूनच तेल येतं. बूच मारून टाकू?

ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. आत आलेलं तेल क्लचपर्यंत न साचता खाली पडावं, हे त्याचं काम. लष्करी जीपमध्ये खोल पाण्यातून जाताना तिथे बूच लावायचे आणि पलीकडे गेल्यावर काढायचे. कोकणात लाल चिखलातून फिरून आलात की हे भोक आपोआप बुजतं. मग पुठ्ठा कोरडा दिसतो, गळती थांबली असं वाटतं, आणि महिनाभराने क्लच सरकू लागतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्यात तार घालून पाहा.

काम झाल्यावर पहिल्या दिवसांत काय पाहू?

इंजिन मंद चालू ठेवून ऑइल प्रेशर आलंय याची खात्री करा, मगच गाडी हलवा. पहिल्या फेरीनंतर दोन-चार थेंब पडले तर घाबरू नका, बेलहाउसिंगच्या आत चिकटलेलं जुनं तेल गरम होऊन उतरत असतं. पुठ्ठ्यावर रोजच्या डागाभोवती पेनने गोल काढून तारीख लिहा. गोल लहान होत गेले तर काम जमलं. पाच-सहा दिवसांनीही ते तेवढेच राहिले, तर चेंबर पुन्हा उतरवण्याआधी गिअरबॉक्स मागे घ्या आणि कॅमचं ते पत्र्याचं बूच बघा.